साथीला बसणाऱ्यांचे नाव

गंगाखेड तालुक्यातील आमच्या गावी हरिनाम सप्ताहात माझे काका गेली चाळीस वर्षे मृदंगाच्या साथीला बसत आले आहेत, पण त्यांचे भजनी मंडळ पंचक्रोशीत नेहमी गाणाऱ्या बुवांच्याच नावाने ओळखले गेले. याबद्दल काकांची कधी तक्रार नव्हती. मला मात्र लहानपणापासून ती गोष्ट सलत असे, आणि म्हणूनच फ्लीटवूड मॅक या ब्रिटिश बँडच्या नावामागची हकीकत समजली तेव्हा मी त्यांची सुरुवातीची ध्वनिमुद्रणे शोधून, पुन्हा पुन्हा ऐकू लागलो.

१९६६ मध्ये नामवंत गिटारवादक एरिक क्लॅप्टन जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स या बँडमधून बाहेर पडल्यावर (ब्लूज म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे संगीत) त्याची जागा पीटर ग्रीन या लंडनच्या तरुण गिटारवादकाने घेतली. क्लॅप्टनच्या जागी उभे राहणे सोपे नव्हते, पण फेब्रुवारी १९६७ मध्ये आलेल्या 'अ हार्ड रोड' या अल्बममधील 'द सुपरनॅचरल' ही धून ऐकली, की एकेक सूर लांबवत, दोन सुरांमध्ये पुरेशी शांतता ठेवत वाजवणारा हा वादक किती वेगळा होता हे लगेच जाणवते. त्याच वर्षी मेयॉलने ग्रीनला स्टुडिओतील काही वेळ भेट म्हणून दिला. ग्रीनने त्या वेळेत ड्रमवादक मिक फ्लीटवूड आणि मेयॉलच्याच बँडमधला बेस (खालच्या सुरांची गिटार) वाजवणारा जॉन मॅकव्ही यांच्यासह पाच रचना ध्वनिमुद्रित केल्या आणि त्यांतील एका वाद्यरचनेला दोघा साथीदारांची नावे जोडून 'फ्लीटवूड मॅक' असे नाव दिले. पुढे स्वतःचा बँड काढताना त्याने हेच नाव घेतले. गाणारा तो, गिटार त्याचे, अनेक रचना त्याच्या, आणि नाव मात्र ठेका धरणाऱ्या दोघांचे! आमच्याकडे एखाद्या बुवांनी आपले मंडळ मृदंगवाल्याच्या आणि टाळकऱ्याच्या नावाने चालवावे, तसेच हे झाले.

गंमत अशी, की १३ ऑगस्ट १९६७ रोजी विंडसरच्या जॅझ आणि ब्लूज महोत्सवात हा बँड प्रथम लोकांसमोर आला, तेव्हा नावातला 'मॅक' मंचावर नव्हताच. मेयॉलकडची ठरलेली मिळकत सोडायला मॅकव्ही तयार नव्हता, त्यामुळे बेसवर बॉब ब्रनिंग होता आणि दुसऱ्या गिटारवर अमेरिकन ब्लूज गिटारवादक एल्मोर जेम्सचा निस्सीम भक्त जेरेमी स्पेन्सर. मॅकव्ही काही आठवड्यांनी आला.

पहिला अल्बम माइक व्हर्ननच्या ब्लू होरायझन कंपनीने फेब्रुवारी १९६८ मध्ये काढला. त्यावर ग्रीनचे नाव बँडच्या नावाआधी घातलेले होते, हे मला आजही खटकते. गाजलेले एकही गाणे नसताना तो ब्रिटनच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. त्यातील 'द वर्ल्ड कीप ऑन टर्निंग' मध्ये ग्रीन एकटाच साध्या गिटारवर गातो. तो एक ओळ गातो आणि टाळकऱ्यांनी धृपद उचलावे तशी गिटार ती ओळ झेलते. 'लाँग ग्रे मेअर' वर बेस अजून ब्रनिंगचाच आहे. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये आलेला 'मिस्टर वंडरफुल' मात्र मला फारसा रुचत नाही, कारण स्पेन्सरची चार गाणी एल्मोर जेम्सच्या एकाच ठरावीक तुकड्याने सुरू होतात आणि कान कंटाळतो.

त्यानंतर अठरा वर्षांचा डॅनी कर्वन आला आणि ग्रीनला हवा तसा जोडीदार मिळाला. त्या दोघांच्या गिटारांनी सजलेली 'अल्बट्रॉस' ही शब्दांवाचून असलेली रचना नोव्हेंबर १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९६९ च्या आरंभी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. फ्लीटवूडने तीत नेहमीच्या काठ्यांऐवजी मऊ टोकांच्या काठ्या वापरल्याने ड्रमचा नाद दूरच्या लाटांसारखा घुमतो. ती मी एका संध्याकाळी काकांना ऐकवली. गिटारबद्दल ते काही बोलले नाहीत. "हे खाली कोण वाजवायलंय?" एवढेच त्यांनी विचारले, आणि धून पुन्हा लावायला सांगितली.

जानेवारी १९६९ मध्ये ही मंडळी शिकागोतील चेस स्टुडिओत गेली आणि ज्यांच्या तबकड्या ऐकून आपण शिकलो त्या अमेरिकन ब्लूज कलावंतांसोबत, म्हणजे विली डिक्सन, ओटिस स्पॅन, बिग वॉल्टर हॉर्टन यांच्यासोबत बसून वाजवू लागली. त्या ध्वनिमुद्रणांत मला सर्वांत भावतो तो ग्रीनचा अदबशीर संयम, कारण स्पॅन पियानोवर गात असताना तो पुढे येत नाही, साथीला बसतो.

मे १९७० मध्ये ग्रीनने बँड सोडला आणि पुढच्याच वर्षी स्पेन्सरही गेला. नंतर गाणारे आणि गिटार वाजवणारे कितीतरी बदलले, पण ड्रमवर फ्लीटवूड आणि बेसवर मॅकव्हीच राहिले.