पदराआडचे पाकीट

गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनींनी पदराआडून गर्भपाताच्या गोळ्यांचे रिकामे पाकीट दाखवले; नवऱ्याने दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले, आणि १२ दिवस झाले तरी अंगावरून जाणे थांबलेले नव्हते. त्यांना मी लगेच दवाखान्यात नेले. २०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले. गर्भपाताला परवानगी देणारा कायदा १९७१ पासून आहे. तरीही नसबंदीखेरीज दुसरे साधन बाईला क्वचितच कोणी नीट समजावून सांगते, निरोधाला नवरा राजी नसतो, नकोशी गर्भधारणा होते, आणि अनेक दवाखान्यांत नवऱ्याची सही मागतात, जी सज्ञान स्त्रीसाठी कायद्याने मुळीच आवश्यक नाही. वहिनींना हे ठाऊकच नव्हते.