पावसाळ्यात घरातल्या घरात: नदी-पहाड आणि उलटे नियम

पावसाळा लागला की आमच्या सोसायटीच्या आवारात पाणी साचतं आणि चार वर्षांच्या लेकीची सगळी मस्ती वन-रूम-किचनच्या हॉलमध्ये कोंडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी, त्यातली निदान ६० मिनिटं चांगली दम लागेल अशी. हे वाचलं आणि टीपॉय उभा करून कपाटाआड ठेवला.

सुरुवात नदी-पहाडच्या घरापुरत्या प्रकाराने केली. सतरंजी म्हणजे पहाड, फरशी म्हणजे नदी. ‘नदी’ म्हटलं की खाली, ‘पहाड’ म्हटलं की वर. थोड्याच दिवसांत हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं, की नुसते पायच चालायचे, डोक्याला काही काम उरलं नाही. म्हणून नियम उलटा केला. मी ‘नदी’ म्हणाले. तिचा एक पाय फरशीच्या दिशेने निघालासुद्धा; तेवढ्यात खालचा ओठ दाताखाली धरून, दोन्ही हात पसरून ती काठावरच थांबली आणि पाय मागे घेतला. लागलेली सवय आवरायची, नवा नियम ध्यानात ठेवायचा आणि तोलही सांभाळायचा, हे सगळं एकाच वेळी! या वयात वर्कशीट गिरवण्यापेक्षा मला याचं मोल कितीतरी जास्त वाटतं.

दुपारी खालच्या मजल्यावरच्या आजी झोपतात, तेव्हा उड्या आणि लंगडी बंद. मग खेकड्यासारखं चालणं, नाहीतर फरशीवर रंगीत चिकटपट्टीची रेघ मारून तिच्यावरून पाण्याची वाटी नेणं. रेघेवरून चालणं हे माँटेसरी वर्गातलं जुनंच काम. वाटी काठोकाठ भरली की ‘हळू चाल’ असं सांगावं लागत नाही.

रंग ओळखण्याच्या खेळात मी दोन अटी घालते. ‘लाल आणि गोल’ म्हटल्यावर ती धावत जाऊन टोमॅटो घेऊन आली, मग कांदा.

“कांदा लाल कुठंय गं?”

“बाबा भाजीवाल्याकडे लालच कांदा मागतो!”

कांदा मान्य केला.

आता समोरच्या घरातला तिचा मित्रही खेळायला येतो. उलटे नियम दोघांनाही जमतात, पण वाटी दुसऱ्याच्या हातात असताना आपली पाळी येईपर्यंत थांबणं अजून जड जातं. सध्या तेवढ्यासाठी रेघ आखूड केली आहे.