वादो: तांब्याचं नाव लाभलेली आठ वर्षं

इसवी सन ७०८. जपानमधल्या मुसाशी प्रांतातल्या चिचिबुहून दरबारात तांबं आलं, तेही गाळून शुद्ध करायची गरज नसलेलं. सम्राज्ञी गेन्मेईनं तो शुभशकुन मानला आणि चालू कालनाम केइउन बदलून ‘वादो’, म्हणजे ‘जपानी तांबं’, केलं. अशा कालनामाला जपानीत नेंगो म्हणतात.

तारखा लावताना पहिली चूक इथेच होते. घोषणेचा दिवस पहिल्या महिन्याचा ११वा, पण ती ११ जानेवारी नव्हे. महिने चांद्र असल्यानं ज्यूलियन पंचांगात तो ७ फेब्रुवारी येतो. वर्षाचा हिशेब सोपा आहे: वादोच्या आकड्यात ७०७ मिळवायचे. वादो ३ म्हणजे ७१०, राजधानी हेइजो-क्योला, म्हणजे आजच्या नाराला हलली ते वर्ष. वादो ५ म्हणजे ७१२. त्या वर्षी ओ नो यासुमारोनं ‘कोजिकी’ हा इतिहासग्रंथ सादर केला. मात्र ११व्या-१२व्या महिन्यातली नोंद कधीकधी पुढच्या इसवी सनात सरकते, तेव्हा तिथे नुसत्या बेरजेवर विसंबू नये.

७०८ मध्येच पाचव्या महिन्यात चांदीची आणि आठव्या महिन्यात तांब्याची नाणी निघाली. व्यास सुमारे २४ मिलिमीटर, मधे चौकोनी भोक, भोवती चार अक्षरं. वरून सुरुवात करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं वाचायची. दुसरं अक्षर नीट पाहा: ‘तांबं’ लिहिताना डावीकडे येणारं धातूचं चिन्ह नाण्यावर गाळलंय. चौथं अक्षर ‘चिन’ वाचायचं की ‘हो’, यावर अभ्यासकांचा वाद जुना आहे.

पण लोकांचा व्यवहार धान्य-कापडावर चालायचा, नाणी कोण घेणार? म्हणून ७११ मध्ये सहा शो (शो हे धान्याचं माप) धान्याला एक मोन, म्हणजे एक नाणं, असा दर ठरला. त्याच वर्षीचा दुसरा हुकूम मला या काळातला सगळ्यात बोलका वाटतो. कनिष्ठ सहाव्या श्रेणीच्या आणि त्याखालच्या अधिकाऱ्यानं १० कान, म्हणजे १०,००० मोन साठवले तर एक श्रेणी बढती, २० कानांना दोन. नाण्यांना मान मिळावा हा हेतू चांगलाच होता, पण बढतीसाठी साठवलेलं नाणं बाजारात फिरत नाही. वर बनावट नाण्यांचा लोभ वाढला. ७११ मध्येच त्यासाठी देहदंड ठरवावा लागला.

७१५ च्या नवव्या महिन्यात गेन्मेईनं आपल्या मुलीला, गेन्शोला गादी दिली आणि रेइकी हे नवं कालनाम सुरू झालं. म्हणून वादो ८ आणि रेइकी १ दोन्ही ७१५ च.