श्रवणयंत्र आणि वीतभर अंतर

माझ्या दोन्ही कानांत नऊ वर्षांपासून श्रवणयंत्रे आहेत, आणि तरीही कीर्तन का कळत नाही, हे कोडे मला बरीच वर्षे सुटले नव्हते. बुवांचा आवाज पोचत असे, शब्द पोचत नसत. यंत्राचा आवाज वाढवून घेतला, तर झांजा आणि पंखेच अधिक जोरात ऐकू येऊ लागले. अडचण अंतराची आहे, हे पुढे एका ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) बाईंनी समजावले. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. यंत्राचा मायक्रोफोन आपल्याच कानापाशी असल्यामुळे शेजारची कुजबुज त्याला आधी सापडते, आणि ‘स’, ‘फ’ यांसारखी मुळातच क्षीण व्यंजने दूरवरून येताना सर्वांत आधी गळतात.

यावर उपाय म्हणजे बिनतारी मायक्रोफोन. तो बोलणाऱ्याच्या छातीवर, तोंडापासून वीतभर अंतरावर अडकवायचा असतो. तेथून आवाज रेडिओलहरींनी थेट यंत्रात येतो. प्रथमच तो बुवांना दिला, तेव्हा त्यांनी उपरण्याच्या आत अडकवला आणि कापड घासून सारा पूर्वरंग खरखरीत गेला. उत्तररंगाआधी मी तो बाहेर लावून घेतला. (भर सभेत उठून हे सांगायला जाणे मला यंत्र वापरण्यापेक्षा अवघड वाटते.) जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवला, तर माणसांआधी ताटवाट्याच बोलतात.

खरेदी करताना एक गोष्ट पाहावी: बहुतेक कंपन्यांचे मायक्रोफोन त्यांच्याच यंत्रांशी जुळतात. वेगळ्या कंपनीचा घ्यायचा असेल, तर टी-कॉइल उपयोगी पडते. मायक्रोफोनचा आवाज गळ्यात घातलेल्या लूपमध्ये (तारेच्या वेटोळ्यात) येतो; ही यंत्रातील तारेची बारीक गुंडाळी त्या लूपचे चुंबकीय क्षेत्र पकडते आणि त्याचा पुन्हा आवाज होतो. जुन्या ट्यूबलाइटच्या चोकजवळ किंवा स्टॅबिलायझरजवळ बसल्यास मात्र गुणगुण ऐकू येते. माझ्या पहिल्या यंत्रात टी-कॉइल होती. विकणाऱ्याने ती चालूच करून दिली नव्हती, आणि मला हे कळायला चार वर्षे लागली. त्याचा राग अजून गेलेला नाही.

ब्लूटूथच्या ‘ऑराकास्ट’ या पद्धतीत, जिला हे नाव २०२२ मध्ये मिळाले, एकाच प्रक्षेपकावरून सभागृहातील कितीही जणांना ऐकता येते. त्यासाठी सभागृहात प्रक्षेपक हवा आणि कानातील यंत्रही तसे हवे. आमच्या देवळात यांपैकी काहीच नाही. मात्र माझ्या मायक्रोफोनला तार जोडण्याची सोय असल्याने, ध्वनिक्षेपक लावणाऱ्या मुलाने गेल्या एकादशीला आवाजाच्या मिक्सरमधून एक तार काढून दिली, आणि त्यामुळे बुवांबरोबर मागच्या टाळकऱ्यांची साथही स्वच्छ ऐकू आली. ती तार मी आता पिशवीतच ठेवतो.