उजवीकडची भिंत

रविवार, रात्री साडेनऊ

नखांत अजून निळा रंग आहे. मोबाइल बोट ओळखेना, शेवटी आकडे घालून उघडला. दिवसभर सिमेंटवर बोटं घासल्यावर ठसा उमटणार कुठून! हातमोजे नेले होते, पण ते घातले की रंग किती पसरतोय हे हाताला कळत नाही. तासाभरात काढून ठेवले.

वसंतोत्सवात खडूचित्रं काढायला आम्हा प्रत्येकाला रस्त्याचा एकेक चौकोन आखून दिला होता. मी हौद काढायचा ठरवला. रिकामा, 2 मीटर लांब, 80 सेंटीमीटर खोल. कर्ट वेनरने 1980च्या दशकात असली डोळ्यांना फसवणारी चित्रं रस्त्यावर आणली आणि तेव्हापासून खडूचित्र म्हटलं की लोकांना खड्डाच हवा असतो. मला तरी दुसरं काय हवं होतं म्हणा.

कालचा हिशेब वहीत आहेच. बघणाऱ्याचे डोळे जमिनीपासून 1.6 मीटर उंच, तो हौदाच्या काठापासून 3 मीटर लांब उभा. मग समोरची 80 सेंटीमीटरची भिंत जमिनीवर तब्बल 1.67 मीटर लांब काढावी लागते आणि तळाच्या वाट्याला उरतात फक्त 33 सेंटीमीटर. काढताना ते इतकं विचित्र दिसतं की दर पाच मिनिटांनी उठून, बघणाऱ्याने उभं राहायचं त्या जागेच्या खुणेवर जाऊन बघितल्याशिवाय धीर धरवत नाही. गुडघ्यांची वाट लागली ती त्या उठाबशांनी.

वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली, म्हणजे पसरलेल्या रंगावर हात पडत नाही. फळ्यावरचे खडू फक्त रेघांना वापरले. त्यांत रंग कमी, वाऱ्यावर उडून जातो. भिंतींना पेस्टल. ऊन उजवीकडून येत होतं आणि खड्ड्यात उन्हाच्या बाजूची भिंत सावलीत राहते, म्हणून उजवी भिंत गडद निळी, जवळजवळ काळी, आणि डावी उजळ. अकराच्या सुमाराला एक लहान मुलगा काठाशी येऊन थबकला आणि वळसा घालून गेला. तेवढ्यावर मी जेवणही विसरले.

दुपारनंतर मात्र काहीतरी बिनसलं. खुणेवर उभी असलेली एक मुलगी आईला म्हणाली, "मी त्या ओट्यावर चढू?" ओटा? मी खुणेवर गेले. पाहते तर खरंच, हौद वर आला होता! रेघा त्याच, रंग तेच. ऊन तेवढं आता डावीकडून येत होतं. डावीकडून ऊन पडलं की उंच वस्तूची डावी बाजू उजळते आणि उजवी काळवंडते. अगदी माझ्या भिंतींसारखी. उंचीचा, अंतराचा एवढा हिशेब केला. सूर्य तेवढा सकाळी होता तिथेच धरून चालले होते.

आधी वाटलं, भिंती बदलाव्यात. पण पेस्टलवर पेस्टल चढवायला सिमेंटची भोकं आधीच भरून गेली होती, नुसता चिखल झाला असता. शेजारच्या चौकोनातले काका सपाट फुलं काढत होते. ते हसून म्हणाले, "म्हणून मी फुलं काढतो."

संध्याकाळी ती मुलगी परत आली आणि चित्राच्या मधोमध दोन्ही पाय जुळवून उडी मारून उभी राहिली. ओट्यावर उभं राहतात तशी, मान ताठ करून. आईने फोटो काढला. फोटोत ती खरंच उंचावर दिसते म्हणे. मला दाखवायला मात्र त्या विसरल्या.