सिमेंटखालची भिंत

रविवार, रात्री साडेदहा

बोटं चरचरतायत. खोबरेल चोळून बसलेय. हातमोजे घाला म्हणून गवंडीमामा सकाळपासून ओरडत होते, पण मोजे घातले की थापी हातात बसत नाही, आणि चुना कुणाची गय करत नाही.

आज नाशिकच्या आमच्या जुन्या घरातल्या ओसरीच्या भिंतीचं सिमेंट उतरवायचं होतं. माणसं अकरा, छिन्न्या चार. दादा-वहिनी सिडकोतून आले, मावसभाऊ देवळाली कॅम्पहून, शिवाय कॉलेजातल्या माझ्या तिघी मैत्रिणी, ज्यांनी आजवर भिंतीला फक्त पाठ टेकलीय. मिसळ मात्र नऊलाच हजर. पहिले दोन तास सिमेंट कमी आणि पापडाचे तुकडेच जास्त पडले.

हे सिमेंट अण्णांनी करून घेतलेलं, 2008च्या पुरानंतर. तेव्हा गंगा, म्हणजे आमची गोदावरी, भांडीबाजारातून थेट आमच्या बोळात शिरली होती. पाणी ओसरल्यावर चुन्याचे पोपडे गळायला लागले आणि अण्णांनी एकदाचा पक्का गिलावा मारून टाकला. तेव्हापासून मी त्यांच्याशी भांडतेय, ते गेल्यावर मनातल्या मनात. चुन्याची भिंत जमिनीतली ओल ओढते, तशी ती हवेला सोडूनही देते. वर सिमेंट बसलं की ओलीची वाट बंद. ती आतल्या आत वर चढते. आमच्याकडे पार देवळीपर्यंत गेली. दरवर्षी लोणा लागायचा, आई सुपलीभर पांढरी भुकटी झाडून काढायची. आज गिलावा निघाला तेव्हा आतल्या विटा बोटांनी कुस्करत होत्या. दोन घमेली तर नुसती माती.

खांबांचंही तेच. सागाचा खांब दगडी तळखड्यावर उभा करतात, तो लाकूड जमिनीपासून सुटं राहावं म्हणून. आमच्याकडे फरशीवर कोबा, कोब्यावर पुन्हा फरशी असं करता करता तळखडाच गडप झाला. कोपऱ्यातला खांब खालून वीतभर पोकळ निघाला. सुतारमामा म्हणतात, तुळईला टेकू देऊ, कुजका भाग कापू, नव्या सागाचा सांधा घालू. खर्च विचारला तर "बघू". या "बघू"ची आता धास्तीच बसलीय.

दुपारी मधल्या खांबाचा ऑइलपेंट खरवडत होते. हिरवा, खाली चॉकलेटी, खाली परत हिरवा. आणि त्याखाली पितळी खिळ्याचं डोकं, माझ्या खांद्याच्या जरा खाली. दादा पक्कड घेऊन आला. तेवढ्यात खुर्चीतून आत्या म्हणाली, "हात नको लावूस रे. आप्पांचा खिळा आहे तो. एकोणसत्तरचा."

1969चा पूर. गंगापूर धरण 1965 साली पुरं झालेलं; आता कसला पूर, असं आप्पाच सगळ्यांना ऐकवत होते म्हणे. मग अख्खी रात्र घरची माणसं, शेजारचं बिऱ्हाड आणि त्यांची एक शेळी माडीवर. शेळीने आत्याच्या वह्या खाल्ल्या, याचा राग आत्याला अजून आहे. पुराचा तितकासा नाही. पाणी उतरलं तसा आप्पांनी ओलीच्या रेघेवर खिळा ठोकला.

"मग?"

"मग काय, चिखल उपसला."

मी उगाच टेप आणली. खिळा जमिनीपासून चार फूट दोन इंचांवर. मग टेप भिंतीला लावली, अण्णांचं सिमेंट जिथे संपत होतं तिथे. चार फूट तीन.

अण्णा पायजमासुद्धा इंचभर जास्त शिवून घ्यायचे. आटला तर म्हणून.

दादाला टेप दाखवली. त्याने दोन्ही आकडे पुन्हा मोजले, काही बोलला नाही, छिन्नी उचलून उरलेल्या सिमेंटपाशी गेला. खिळ्याभोवतीचा रंग वहिनीने जुन्या टूथब्रशने घासून काढला.

भिंत आता वाळेपर्यंत उघडीच ठेवायचीय. संध्याकाळी गवंडीमामांनी वर कोरड्या भागात हातभर नमुना करून घेतला: महिनाभर मुरवलेला चुना, वाळू, विटांची भुकटी, गूळ आणि हिरड्याचं पाणी. चुना हवा खाऊन हळूहळू कडक होतो, फार लवकर सुकला तर तडकतो. म्हणून वर ओलं गोणपाट. सकाळी सहाला त्यावर पाणी मारायची पाळी दादाची आहे, आणि तो आत्ता आत्याच्या खोलीत चक्क घोरतोय.