आमची वाटचाल : गाडीच्या मागे मोटारसायकल नेण्याचे साधन

आमची कार्यशाळा सुरुवातीला केवळ दुरुस्तीची होती. मातीच्या वाटांवर मोटारसायकली चालवणारे लोक आपापली मोटारसायकल गाडीच्या मागच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडण्यासाठी असलेल्या पोलादी जोडावर, बसवलेल्या कॅरियरवरून आणत आणि त्या कॅरियरला गेलेली भेग आमच्याकडून भरून घेत. अशी कामे वाढत गेली तसे लक्षात आले की कॅरियर कोणाच्याही बनावटीचा असो, भेग बहुधा एकाच ठिकाणी असते. हिचच्या चौकोनी तोंडात, म्हणजे रिसीव्हरमध्ये, शिरणारा दांडा आणि मोटारसायकलची चाके ज्या आडव्या पन्हळीत उभी राहतात ती पन्हळ यांच्या जोडावर, वरच्या अंगाला, वेल्डच्या अगदी कडेला ती सुरू झालेली असे. दांड्याच्या एका टोकाला पकड आणि दुसऱ्या टोकाला भार असल्यामुळे त्याचा वरचा पृष्ठभाग ताणला जातो आणि खालचा दाबला जातो. वेल्डशेजारचे पोलाद तापून निवल्यामुळे बदललेले असते, आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्याच रेषेवर पुन्हा पुन्हा ताण देत राहतो. एका मोठ्या भाराने मोडलेला कॅरियर आम्ही क्वचितच पाहिला. बहुतेकांना धातूच्या थकव्यानेच तडा गेलेला होता. भेग भरून दिली तरी ती काही काळाने शेजारून पुन्हा निघणार हे दिसत असल्यामुळे, दुरुस्ती थांबवून कॅरियरच नव्याने बनवावा असे आम्ही ठरवले आणि येथून आमचा खरा व्यवसाय सुरू झाला.

पहिला निर्णय दांड्याच्या नळीचा होता. २ इंची रिसीव्हरसाठी बाहेरून ५०.८ मिलिमीटरची चौकोनी नळी लागते, पण तिच्या भिंतीची जाडी बनवणाऱ्याच्या मर्जीवर असते. ११५ किलोची मोटारसायकल आणि ३० किलोचा कॅरियर धरला, तर १४५ किलोचा भार, दांडा रिसीव्हरमध्ये अडकवून ठेवणाऱ्या पिनपासून साधारण अर्धा मीटर मागे लटकतो आणि दांड्यावर सुमारे ७१० न्यूटन-मीटरचा वाक येतो. भिंत ३ मिलिमीटरची असेल, तर गाडी उभी असताना नळीच्या वरच्या पृष्ठभागावर सुमारे ८२ मेगापास्कल ताण पडतो, आणि ती ६.३५ मिलिमीटरची असेल तर सुमारे ४८. साध्या पोलादाची सहनमर्यादा, म्हणजे ज्यापुढे ते कायमचे वाकते तो ताण, २५० मेगापास्कलच्या आसपास असल्याने दोन्ही आकडे वरकरणी निर्धास्त वाटतात. परंतु गाडी खड्ड्यात आदळते तेव्हा हाच भार क्षणभर कित्येक पट होतो. आम्ही हिशेबासाठी तिप्पट धरतो, आणि तसे धरल्यावर पातळ नळी थेट मर्यादेवर जाऊन पोहोचते, तर जाड नळीत बऱ्यापैकी शिल्लक उरते. जाड नळीने दांड्याचे वजन थोडे वाढते हे खरे. पण त्या वजनाची तक्रार करणाऱ्या ग्राहकाला आम्ही हाच हिशेब कागदावर मांडून दाखवतो आणि तक्रार सहसा तिथेच मिटते.

हलकेपणासाठी ॲल्युमिनियमचा आग्रह धरणारे ग्राहक अगदी आरंभापासून येत राहिले. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचे असते आणि कॅरियर एकट्याने उचलून बसवायचा असेल तर तो फरक कमरेला जाणवतो. मात्र ६०६१-टी६ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या मिश्रधातूची ताकद वेल्डजवळच्या पट्ट्यात निम्म्याहून कमी होते, आणि आपल्याला ती नेमकी तिथेच हवी असते. म्हणून आम्ही मध्यममार्ग धरला. दांडा आणि त्याला जोडलेली आडवी तुळई पोलादाची ठेवली आणि पन्हळ व चढणीची फळी ॲल्युमिनियमची करून ती वेल्ड न करता बोल्टने बसवली. दोन धातू ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले तर ॲल्युमिनियम झिजते, त्यामुळे त्यांच्यामध्ये प्लास्टिकच्या चकत्या घालाव्या लागतात. पोलादी भागाला आम्ही गरम जस्ताचा मुलामा देतो; त्यासाठी बंद नळ्यांना आधीच भोके पाडावी लागतात, नाहीतर आत अडकलेली हवा किंवा ओलावा जस्ताच्या कढईत तापून नळीचा स्फोट होऊ शकतो.

आमची खरी ओळख मात्र पोलादामुळे झाली नाही, मागणी नाकारण्यामुळे झाली. कॅरियर कितीही मजबूत केला तरी तो ज्या गाडीला लावायचा ती गाडी तो भार पेलण्याच्या योग्यतेची आहे का, हा प्रश्न कॅरियरच्या बाहेरचा असतो आणि ग्राहक तो बहुधा विचारत नाही. २ इंची तोंड दिसले की हिच भक्कम आहे असे तो गृहीत धरतो. उत्तर अमेरिकेत रूढ असलेल्या वर्गवारीत पहिल्या वर्गाच्या हिचवर उभे वजन २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलोपर्यंत चालते, तर तिसऱ्या वर्गात ते ८०० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ३६० किलोपर्यंत जाऊ शकते. पण ही त्या वर्गाची कमाल मर्यादा झाली. प्रत्यक्ष गाडीची मर्यादा तिच्या पुस्तिकेत आणि हिचवरच्या पट्टीवर लिहिलेली असते, आणि २ इंची तोंड असूनही ३५० पौंडांच्या वर न जाणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत. युरोपात चेंडूसारख्या गोल टोकाची हिच असते आणि तिच्यावरचे अनुज्ञेय उभे वजन कित्येक मोटारींच्या बाबतीत ७५ ते १०० किलो इतकेच असते. त्यात कॅरियरसह मोटारसायकल बसणे अवघड आहे. शिवाय हे आकडे ट्रेलरचे टोक हिचवर टेकते त्या स्थितीसाठी दिलेले असतात. ट्रेलरचा भार पिनच्या जवळच पडतो, तर मोटारसायकल त्याच्या दुपटीहून अधिक अंतरावर उभी असते, त्यामुळे वजन तेवढेच असले तरी हिचला पिरगाळणारा जोर कितीतरी अधिक असतो. काही उत्पादक हिचवर लांबीवाढीचा जोड लावल्यास मर्यादा निम्मी धरायला सांगतात, त्यामागचे कारण हेच आहे. आम्ही तसा जोड विकतच नाही.

त्यापुढचा हिशेब मागच्या चाकांचा. समजा गाडीच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर २.७ मीटर आहे आणि मोटारसायकल मागच्या आसाच्या १.७ मीटर मागे उभी आहे. तर १४५ किलोचा भार तराजूच्या दांडीप्रमाणे पुढची बाजू उचलतो. पुढच्या चाकांवरचे सुमारे ९० किलो कमी होतात आणि मागच्या चाकांवर १४५ नव्हे, तर सुमारे २३५ किलो वाढतात. सुकाणू हलके लागणे, चढावर पुढची चाके घसरणे, ब्रेक लावताना पकड कमी पडणे आणि रात्री दिवे समोरच्याच्या डोळ्यांवर जाणे ही सगळी याच एका गणिताची रूपे आहेत. मागच्या आसाची कमाल मर्यादा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेली असते, आणि मागच्या आसनावरची माणसे व सामान त्याच मर्यादेत मोजायचे असते. आमच्याकडे मागणी नोंदवताना म्हणूनच गाडीचे नाव, आसांमधले अंतर, मागच्या आसापासून पिनपर्यंतचे अंतर, पट्टीचे छायाचित्र आणि मोटारसायकलचे इंधनासह वजन विचारले जाते. ही माहिती देणे काहींना जाचक वाटते आणि ते दुसरीकडे जातात. जे गणित बसत नाही ते आम्ही लेखी कळवतो आणि अशा ग्राहकाला छोटा ट्रेलर घेण्याचा सल्ला देतो, जरी ट्रेलर आम्ही बनवत नसलो तरी. सुरुवातीच्या काळात, घरखर्च याच कमाईवर चालत असताना, असे सल्ले देणे जिवावर येत असे, हे मान्य करायला हरकत नाही. मात्र त्यांतले काहीजण पुढे मोठी गाडी घेतल्यावर परत आले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी इतरांना आमच्याकडे पाठवले.

दुसरी तक्रार डुलण्याची असे. दांडा आणि रिसीव्हर यांच्यामध्ये सहज शिरण्यापुरती फट ठेवावीच लागते. ही फट केवळ एक मिलिमीटरची असली तरी ५० मिलिमीटर रुंदीच्या दांड्याला ती साधारण एका अंशाहून थोडे अधिक कलू देते, आणि मधल्या दांड्यापासून पाऊण मीटरवर असलेले मोटारसायकलचे चाक त्यामुळे दीड सेंटीमीटर वर-खाली होते. आरशात पाहणाऱ्या चालकाला ते त्याहून बरेच मोठे भासते. या डुलण्याने मोटारसायकल बांधणारे पट्टे ढिले होतात आणि पिनचे भोक लंबगोल होत जाते. आम्ही दोन उपाय एकत्र वापरले. नुसत्या अडकवायच्या पिनऐवजी आटे असलेली पिन आणि दांड्याच्या आत वेल्ड केलेला नट, ज्यामुळे पिन आवळली की दांडा रिसीव्हरच्या एका भिंतीला घट्ट टेकतो. आणि रिसीव्हरच्या तोंडाभोवती आवळायचा यू आकाराचा बोल्ट, जो दांड्याला खालून वर दाबून धरतो.

मोटारसायकल चढवण्याच्या क्षणाकडे बहुतेक बनवणारे दुर्लक्ष करतात असे आमचे मत आहे. पुढचे चाक पन्हळीच्या टोकावर येते तेव्हा मोटारसायकलचे जवळपास अर्धे वजन मध्यापासून ९५ सेंटीमीटर दूर असते आणि दांड्याला सुमारे ५०० न्यूटन-मीटरचा पीळ पडतो. बंद चौकोनी नळी असा पीळ आरामात सोसते, पण तुळईचा जोड सोसेलच असे नाही. म्हणून जोडाच्या दोन्ही अंगांना त्रिकोणी आधारपट्ट्या दिल्या आणि त्यांची टोके एकदम न थांबवता निमुळती केली, कारण जिथे आधार अचानक संपतो तिथे नवी भेग जन्माला येते. प्रत्येक जोडाची तपासणी लाल रंग मुरवून, पुसून आणि वर पांढरी भुकटी फवारून केली जाते. सूक्ष्म भेग असली तर लाल रेघ उमटते. चढणीची फळी रस्त्याच्या कडेच्या बाजूने लावता येईल अशी दोन्ही टोकांना खाच ठेवली आहे, जेणेकरून चढवणारा माणूस वाहतुकीत उभा राहणार नाही.

बांधण्याविषयीची सूचनापत्रिका आम्ही कॅरियरइतक्याच काळजीने लिहिली. पुढच्या फोर्कला दोन्ही बाजूंनी पट्टे लावावेत, पण ते हँडलच्या टोकांना न अडकवता, फोर्कच्या दोन नळ्यांना जोडणाऱ्या खालच्या जोडपट्टीच्या वर मऊ फास घालून त्यात अडकवावेत, कारण टोकांवर ओढ दिली तर हँडल फिरते. पट्टे खाली आणि बाहेर साधारण ४५ अंशांत जावेत. फोर्क दाबला जाईल इतपत आवळावे, पण अगदी तळापर्यंत नाही. पुढचे चाक आणि वरच्या भागाच्या मधे ठोकळा ठेवला तर स्प्रिंगवर भार न येता पट्टा ताणलेला राहतो. पट्ट्यांच्या टोकांच्या आकड्यांना (हुकांना) झडप असावी, कारण मोठ्या धक्क्याला फोर्क क्षणभर आणखी दबतो, पट्टा सैल पडतो आणि साधा आकडा निसटतो. पट्टा पॉलिएस्टरचा घ्यावा, नायलॉन अधिक ताणला जातो. पट्ट्यावरची कामाची मर्यादा ही तुटण्याच्या ताकदीच्या एक तृतीयांश असते, त्यामुळे वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा कोणता आहे हे वाचून घ्यावे. दोन्ही चाके पन्हळीला वेगळ्या पट्ट्यांनी बांधावीत आणि निघाल्यानंतर थोड्याच अंतरावर थांबून सगळे पुन्हा आवळावे.

या पत्रिकेत पुढे भर पडली ती ग्राहकांच्या पत्रांमुळे. गाडीच्या धुराड्याचे तोंड नेमके मोटारसायकलच्या टायरसमोर येत असेल तर लांबच्या प्रवासात रबर भाजते. अशा गाड्यांसाठी आम्ही धूर खाली वळवणारी नळी देतो. मागचे दिवे आणि क्रमांकपट्टी झाकली जात असल्यास दिव्यांची वेगळी पट्टी लावावी लागते, आणि त्याबद्दलचे नियम तसेच गाडीच्या बाजूंबाहेर किती भाग आलेला चालतो याचे नियम देशोदेशी निराळे असल्याने खरेदीआधी ते पाहायला आम्ही सांगतो. अशी मोटारसायकल बहुधा २.१ मीटरहून लांब असते आणि पुष्कळ गाड्या त्याहून अरुंद असतात, म्हणजे चाक बाहेर येणारच. कित्येक नव्या गाड्यांत मागे अडथळा दिसताच आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असते. ती मोटारसायकललाच अडथळा समजते, म्हणून मागे घेताना ती बंद करावी लागते.

दोन मोटारसायकलींचा कॅरियर बनवा, ही मागणी आजही येते. दुसरी मोटारसायकल पहिलीच्याही मागे उभी राहणार, म्हणजे वजन दुप्पट पण वाक दुपटीच्या कितीतरी पुढे, आणि मागच्या आसाचे गणित तर बहुतेक गाड्यांत सुरू होण्याआधीच संपते. म्हणून तो विषय आम्ही कायमचा बंद केला आहे. सध्या काम चालू आहे ते बिजागरीवर खाली झुकणाऱ्या दांड्याचे, ज्यामुळे मोटारसायकल नसताना गाडीचे मागचे दार उघडता येईल. बिजागरी म्हणजे आणखी एक फट आणि आणखी एक पिन, त्यामुळे तिचा पहिला नमुना चाचणीच्या चौकटीवर वजने टांगून पाहिला जात आहे. नेमून दिलेल्या भाराच्या दुप्पट वजन त्याने पेलले आहे, तिप्पट अजून टांगायचे आहे.